बिनहुकाचं घराणं

मंगळसूत्र आमटीत पडलं, आणि तेही नेमकं छबूआत्यांच्या वाटीत. स्वरूपा वाढायला वाकली, मानेमागे काहीतरी हलकं झालं, आणि बघता बघता काळे मणी आणि सोन्याच्या दोन वाट्या मटकीच्या तर्रीत बुडाल्या. समोर बसलेल्या तिच्या नवऱ्याचा, अजिंक्यचा, घास तोंडाशीच थांबला. त्याच्या वडिलांनी, चिमाजींनी, आपली वाटी हळूच जरा बाजूला सरकवली. घरातल्या बायकांच्या भानगडीत आपली आमटी सांडू द्यायची नाही, एवढं एकच धोरण त्यांनी संसारात पाळलं होतं.

छबूआत्या ही चिमाजींची थोरली बहीण. त्यांना चऱ्होलीला दिलं होतं, पण माहेरचा कारभार त्यांनी कधी सोडला नाही. मोशीतली शेतं जाऊन टॉवर उभे राहिले, गोठ्याच्या जागी पार्किंग आलं, आत्यांचे मालक गेले, मुलं वेगळी झाली. तरी बोऱ्हाड्यांच्या घरात काय चालतं आणि काय चालत नाही, हे आत्या दर रविवारी रिक्षानं येऊन ठरवून जात.

त्यांनी दोन बोटांनी मंगळसूत्र बाहेर काढलं, पाण्याच्या पेल्यात बुचकळलं आणि ट्यूबलाइटखाली धरलं.

"लगीन होऊन सा म्हैनं," त्या म्हणाल्या. "सा म्हैन्यात तुटलं?"

मग ज्याची सगळ्यांना भीती होती ते आलं. बोऱ्हाड्यांच्या सुनांच्या मंगळसूत्राला हूक नसतो. आत्यांची आई इंद्रायणीवर गोधड्या धूत असताना हूक उघडला आणि मंगळसूत्र पाण्यात गेलं. गावातली पोहणारी सगळी पोरं दिवसभर बुड्या मारत होती. त्यांना दोन तांबे आणि एक घंटा सापडली. तेव्हापासून घरात सून आली की सोनार यायचा, तिच्या मानेवर ओलं फडकं ठेवायचा आणि शेवटची कडी गळ्यातच झाळून कायमची जोडून टाकायचा. एकदा घातलं की घातलं. स्वरूपाच्या लग्नात सराफाचा कारागीर गावी गेला होता, म्हणून तात्पुरता हूक लावला होता. आता घरात तात्पुरतं म्हणून ठेवलेलं काय लवकर निघतं का? गॅलरीतली फुटकी बादलीसुद्धा अजून तात्पुरतीच होती.

आत्यांनी फर्मान काढलं. जेवण झालं की उठायचं, भोसरीला नानासाहेब सराफाकडे जायचं, रोजच्या वापराचं चांगलं दणकट मंगळसूत्र निवडायचं आणि गळ्यात झाळूनच घरी यायचं.

"आजच?" स्वरूपानं विचारलं.

"मंग काय, मोकळ्या गळ्यानं निजायचंय?"

स्वरूपा रिकामी भांडी घेऊन स्वयंपाकघरात गेली. मागोमाग अजिंक्य आला आणि उगाचच फ्रिज उघडून उभा राहिला. फ्रिजमध्ये श्रीखंडाचा डबा होता. तो जेवण झाल्यावर उघडायचा होता, आणि उघडताना स्वरूपा एक बातमी सांगणार होती. चाकणच्या ज्या कंपनीत ती गिअरबॉक्सच्या लाइनवर काम करत होती, तिथं उद्या सोमवारपासून ती लाइन लीडर होणार होती. त्या लाइनवर आजवर कुणी बाई लीडर झाली नव्हती.

अडचण इतकीच होती की घरात कुणाला ती लाइनवर आहे हेच माहीत नव्हतं. लग्न ठरताना अजिंक्यनं आईला, कौशल्याबाईंना, सांगून टाकलं होतं, की स्वरूपाची आता ऑफिसात बदली झालीय, कॉम्प्युटरवर बसून काम. चिमाजी भोसरीच्या वर्कशॉपमध्ये उभा जन्म लेथवर होते. त्यामुळे मशीन म्हटलं की कौशल्याबाईंना तुटलेली बोटंच दिसायची. अजिंक्यचं सांगणं ही एका दिवसाची सोय होती. तीही तात्पुरतीच.

मंगळसूत्र का पडलं, हे स्वरूपाला चांगलं ठाऊक होतं. लाइनवर फिरती हत्यारं. गळ्यात, हातात, बोटात काही चालत नाही. रोज सकाळी गेटवर मंगळसूत्र काढायचं, बांगड्या काढायच्या, नाकातल्या चमकीवर चिकटपट्टी लावायची, आणि शिफ्ट सुटल्यावर बसमध्ये बसून पुन्हा सगळा संसार अंगावर चढवायचा. हूक बिचारा काढघालीनं झिजला होता. आणि आज संध्याकाळी कडी झाळली, की उद्या सकाळी गेटवरचा गार्ड तिला आत सोडणार नव्हता. लीडर राहिलं बाजूला.

"रजा टाक," अजिंक्य फ्रिजमध्ये तोंड घालून म्हणाला. "मेडिकल."

"कशाची? गळ्याची?"

"मग ऑफिसची बदली खरंच मागून बघ."

"पहिल्या दिवशी? लीडर झाले म्हणून?" स्वरूपानं फ्रिजचं दार लावलं. त्याची बोटं थोडक्यात वाचली. "तू आईंना सांग. ऑफिस तू बांधलंस, तूच पाड."

अजिंक्य म्हणाला, सांगतो. बाहेर गेला, आईकडे बघितलं, आत्याकडे बघितलं, आणि गाडीची किल्ली कुठे आहे म्हणून विचारलं.

*

कौशल्याबाई आतल्या खोलीत साडी बदलत होत्या. बाहेर पंखासुद्धा गरम वारा फेकत होता, तरी त्यांनी कपाटातून बंद गळ्याचा ब्लाउज काढला आणि पदर दोन्ही खांद्यांवरून असा लपेटला, की मुलगी दाखवायला निघाल्यासारखं वाटावं.

त्यांचं स्वतःचं एक प्रकरण होतं.

गेल्या दिवाळीच्या आधी कंबरेच्या दुखण्यासाठी डॉक्टरांनी त्यांना एमआरआय सांगितला. तिथली मुलगी म्हणाली, मावशी, सगळं काढा. यांनी बांगड्या काढल्या, कुड्या काढल्या. मंगळसूत्र कसं काढणार? साबण लावून बघितला, डोक्यावरून ओढून बघितलं. कानापाशी येऊन अडकलं. शेवटी चिमाजी त्यांना तशाच रिक्षात घालून नानासाहेबांकडे घेऊन गेले. नानासाहेबांनी पक्कड लावली. चिमाजींनी डोळे मिटून घेतले. टक् असा आवाज झाला. कौशल्याबाईंनी आधी नवऱ्याकडे बघितलं. तो धडधाकट होता.

एमआरआय झाल्यावर त्यांनी नानासाहेबांना एक बारीक हूक लावायला सांगितला, मण्यांच्या आड लपेल असा. तेव्हापासून रात्री मंगळसूत्र काढून उशीखाली ठेवायला त्या शिकल्या. लग्न झाल्यापासून मानेत रुतणारा तो सर एकदाचा गेला, आणि त्यांना अशी झोप लागू लागली की चिमाजी दोनदा उठून श्वास बघायचे. चिमाजींचं ब्लडप्रेशरही तेव्हापासून खाली आलं होतं. पण हे वन्संना सांगण्यात अर्थ नव्हता. घरात नियम पाळणारी म्हणून वन्संनी पै-पाहुण्यांत ज्या एका वहिनीचं नाव घेतलं होतं, ती वहिनी आता उशीखाली मंगळसूत्र ठेवून घोरत होती, हे बाहेर फुटलं तर उरलेल्या आयुष्यातले सगळे रविवार वाया गेले असते.

म्हणून आमटीतलं मंगळसूत्र बघून सगळ्यात जोरात मान हलवली ती कौशल्याबाईंनी. झाळायलाच पाहिजे, त्या म्हणाल्या होत्या. आपल्यात हूक चालतच नाही.

*

नानासाहेबांनी दुकानाच्या काचेतून गाडीतून उतरणारी मंडळी पाहिली, चिमाजी सोडून सगळी, आणि पाणी मागवण्याआधी स्वतः एक ग्लास प्यायले. बोऱ्हाडे म्हणजे वडिलांच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक. छबूआत्यांसाठी त्यांनी दुकानात एक वेगळी खुर्ची ठेवली होती, पाठ उंच असलेली, कारण आत्या एकदा बसल्या की घाईनं उठत नसत.

आत्यांनी रुमालातून मंगळसूत्र काढून काचेवर टाकलं. हळदीच्या तर्रीचा वास दुकानभर पसरला.

"हा तुमचा माल," त्या म्हणाल्या.

नानासाहेबांनी भिंग डोळ्याला लावलं. हूक तुटला नव्हता. आतल्या बाजूनं झिजून केसाएवढा उरला होता. हे असं फक्त एकाच गोष्टीनं होतं, रोजच्या काढघालीनं. त्यांनी भिंगातून नजर वर केली. नव्या सुनेचे डोळे त्यांच्याकडेच लागलेले. पलीकडे कौशल्याबाई पदर गच्च धरून पंख्याच्या जाहिरातीकडे फार लक्ष देऊन बघत होत्या. अजिंक्य मोबाइल उलटा धरून वाचत होता.

नानासाहेबांचा धंदा तोंड बंद ठेवण्यावर चालत होता. कुणाचे दागिने कुणाकडे गहाण, कुठली पाटली खोटी, कुणाची नथ कुणाच्या नावानं बिल झाली, सगळं त्यांच्या पोटात होतं. पण शेजारच्या काउंटरवर पैंजण बघायला आलेलं जोडपं आता पैंजण सोडून इकडेच ऐकत होतं. माल वाईट म्हणावं तर दुकान जातं, काढघाल म्हणावं तर सून जाते.

"घाम," नानासाहेब म्हणाले. "सुनबाईंचा घाम जरा तेज आहे. काहींच्या अंगावर सोनं लवकर झिजतं."

"हिचा घाम? ही तर हापिसात एशीत बसती."

अजिंक्यला वाटलं आता आपणच काहीतरी केलं पाहिजे. "एसी बंद आहे आत्या, ऑफिसचा."

"कवापासनं?"

"झाले की सहा महिने."

स्वरूपानं नवऱ्याकडे असं बघितलं, की तो पुन्हा मोबाइलमध्ये गेला. आत्यांनी मात्र त्या कंपनीच्या मालकाला चार शब्द ऐकवले, बायकांना असं उकाड्यात बसवतात म्हणून, आणि पुढच्या कामाला लागल्या.

ट्रे आले. छबूआत्यांची सोनं पारखायची पद्धत भोसरीत सगळ्या सराफांना माहीत होती. साखळी हातात घेतली की त्या आधी ती स्वतःच्या अंबाड्यावरून ओढायच्या. केस अडकला की बाद. मग लुगड्याच्या काठावर घासायच्या. दोरा निघाला की बाद. मग एक टोक भाच्याच्या हातात आणि दुसरं आपल्या हातात घेऊन मागे झुकायच्या. नानासाहेब त्या वेळी दरवेळी डोळे मिटायचे. पहिली, पिळाची साखळी अंबाड्यातच गेली. सोडवायला दोन माणसं लागली. दुसरी दिसायला जाडजूड होती, पण आत्यांनी अंगठ्यानं दाबली आणि तिला पोचा आला.

"पोकळ हाय," त्या शेजारच्या जोडप्याला ऐकू जाईल असं म्हणाल्या. "बाहेरून भरल्यासारखी, आत वारा."

स्वरूपा आधी खुर्चीच्या कडेवर बसली होती. पण हळूहळू ट्रेवर झुकली. मनात काहीही असो, तिचे हात तिच्या मनाचं ऐकत नव्हते. दिवसभर बेअरिंग आणि वॉशर तपासणारे ते हात. तिनं चौकोनी कड्यांची एक साधी साखळी उचलली, ओढणीवरून सरकवली. एकही दोरा उचलला नाही. मग वाट्या अडकवायच्या कड्यांकडे बोट दाखवून तिनं विचारलं, या एवढ्या बारीक का? सगळं वजन तर यांच्यावरच येतं. नानासाहेब म्हणाले, जाड करून देतो, आणि रोजच्या धबडग्याला घ्यायचं तर बावीसपेक्षा अठरा कॅरेट घ्या. त्यात इतर धातू जास्त, म्हणून कडक, लवकर घासत नाही.

"अठरा म्हंजी चार कमी," आत्या म्हणाल्या.

यावर मग पक्ष पडले. कौशल्याबाई सुनेच्या बाजूनं गेल्या, अठराच बरं, आपल्याला काय मोडायचंय का ते. आत्या बावीसवर. अजिंक्य जो शेवटचा बोलेल त्याच्या बाजूनं. चहा आला आणि गार झाला. शेवटी साखळी अठराची आणि वाट्या बावीसच्या, त्याही लाख भरलेल्या नाहीत, भरीव, असा तह झाला. स्वरूपाला साखळी खरोखरच आवडली होती, आणि त्याचंच तिला वाईट वाटत होतं.

"आता एहसानभाईला बोलवा," आत्या म्हणाल्या. एहसानभाई मागच्या खोलीतले कारागीर. "झाळून टाका."

स्वरूपा म्हणाली, "आत्या, हूक ठेवला तर? धुवायला काढता येईल. तर्री लागलीय तशी परत लागली तर..."

"गळ्यात झाळल्यावर तर्रीत पडंलच कसं? कौशल्ये, तुझं दाव गं हिला. इतकी वर्सं झाली, हाललं का?"

कौशल्याबाईंची मान अचानक आखडली. त्या म्हणाल्या, सकाळपासून वळतच नाहीये, मणका. आत्या म्हणाल्या, तू नको वळू, मी वळती, आणि खुर्चीचे हात धरून उठायला लागल्या. आता आत्या उठेपर्यंत थोडा वेळ होता, पण फार नव्हता.

"मी बघते," स्वरूपा म्हणाली, आणि आत्यांच्या आधी सासूच्या मागे जाऊन उभी राहिली.

तिनं पदर बाजूला केला. मानेवर एक फिकट पट्टा होता, इतकी वर्षं उन्हानं न पाहिलेला. त्यावर काळे मणी, आणि दोन मण्यांच्या आड नवाकोरा बारीक हूक.

स्वरूपाची बोटं तिथं थांबली.

एक शब्द पुरला असता. आत्या, इथं तर हूक आहे. मग कुठला नियम, कुठला एहसानभाई? उद्या सकाळी गेट, लाइन, सगळं आपलं. तिला दिसत होती ती सासूची पदर धरलेली मूठ. त्या मुठीची बोटं पांढरी पडली होती.

"सलग आहे, आत्या," स्वरूपा म्हणाली. "कुठं सांधासुद्धा दिसत नाही."

तिनं पदर होता तसा नीट केला, आणि कुणी काही म्हणायच्या आत मागच्या खोलीकडे चालू लागली.

*

कौशल्याबाईंनी पदर पुन्हा घट्ट लपेटला. ती बोटं मानेवर थांबलेली त्यांना कळलं होतं. पोरीनं पाहिलं होतं, आणि इतकं सहज खोटं बोलली होती की त्यांच्या मनात दोन गोष्टी एकदमच आल्या. एक म्हणजे, गुणाची आहे. दुसरी म्हणजे, एवढी सराईत खोटं बोलते, तर आणखी काय काय बोलली असेल?

मग त्यांना एसी आठवला. सहा महिने बंद. मग तेज घाम. मग नानासाहेबांचा चेहरा, जो गेल्या दिवाळीत त्यांच्यासाठी असाच झाला होता.

"येते मी जरा," म्हणून त्या मागच्या खोलीत गेल्या. मान छान वळत होती.

स्वरूपा स्टुलावर बसली होती, केस पुढे घेतलेले. एहसानभाई फडकं पाण्यात पिळत होते. कौशल्याबाईंनी त्यांना म्हटलं, भाऊ, जरा बाहेर चहा घेऊन या. ते सोन्याचे कारागीर होते, पण त्यांना माणसंही थोडीफार कळत. ते फडकं खुंटीला लावून गेले.

"बोलली का नाहीस?" कौशल्याबाईंनी विचारलं.

"आत्यांसमोर तुम्हाला..." स्वरूपानं खांदे उडवले. "तुमचं तुम्ही सांगाल."

"बरं. आणि तुझं तू कधी सांगणार?"

स्वरूपानं मग सगळं सांगितलं. ऑफिस नाही, लाइन. गेट. चिकटपट्टी. बस. उद्यापासून लीडर. आवाज चढला नाही, रडली नाही. हिशोब दिल्यासारखं सांगितलं.

"ऑफिसात बदली झाली म्हणून कुणी सांगितलं मग?"

"ते ऑफिस अजिंक्यनं बांधलं."

कौशल्याबाईंच्या डोळ्यांपुढे तुटलेली बोटं येऊन गेलीच. त्यांनी सुनेचे दोन्ही हात ओढून घेतले आणि उलटसुलट करून बघितले. दहाच्या दहा होती. नखांच्या कडेला तेलाची काळी रेघ होती, तशी चिमाजींची असायची. इतके दिवस ती त्यांना मेंदी वाटत होती.

"गेटवर काढून ठेवतेस कुठं?"

"लॉकरमध्ये. डब्याच्या पिशवीत."

"लसणीच्या चटणीच्या?"

स्वरूपानं मान हलवली. कौशल्याबाईंना आतापर्यंतच्या सगळ्यातली ही एकच गोष्ट फार लागली. सोनं ते, त्याला निदान वेगळी डबी तरी? पोरगी लीडर होतेय आणि मंगळसूत्र चटणीत ठेवते.

मग त्या उभ्या राहिल्या. नणंद बाहेर बसली होती, वहिनीच्या गळ्याचा दाखला सगळ्या चऱ्होलीला देणारी. पोरीनं ते झाकण त्यांच्यासाठी घट्ट लावलं होतं, आणि त्यासाठी स्वतःची सकाळ दिली होती. कौशल्याबाईंनी एक सुस्कारा टाकला, दोन्ही हात मानेमागे नेले, आणि बाहेर आल्या त्या मंगळसूत्र हातात घेऊन.

ते त्यांनी आत्यांपुढच्या ट्रेमध्ये ठेवलं. हूक वर येईल असं.

"वन्सं, हे माझं. दिवाळीपासून हूक आहे."

पैंजणवाल्या बाईनं नवऱ्याचा दंड धरला. नानासाहेबांनी वजनकाटा पुसायला घेतला. कौशल्याबाईंनी एमआरआय सांगितला, पक्कड सांगितली, उशी सांगितली. घोरणं सांगितलं नाही. मग सुनेचंही सांगून टाकलं, लाइन आणि गेट आणि उद्याचं. आणि त्यातलं एसीचं प्रकरण अजिंक्यनं स्वतः सांगावं म्हणून त्याच्याकडे बघून थांबल्या.

"आत्या, एसी नाहीचे," अजिंक्य म्हणाला.

"कळलं मला. गाडीत जाऊन बस."

तो गेला नाही, पण दाराशी जाऊन उभा राहिला.

आत्या ट्रेमधल्या मंगळसूत्राकडे बघत होत्या. कौशल्याबाईंनी मनाची तयारी केली होती. आता आई निघेल, इंद्रायणी निघेल, घराणं निघेल. आत्यांनी बोटानं तो बारीक हूक उघडला. मिटला. परत उघडला.

"चिमाला ठावं हाय?"

"त्यांनीच तर नेलं इथं."

"आन तो बराय?"

"बीपीच्या गोळ्या कमी झाल्या."

आत्यांनी हूक मिटला.

"आमचं मालक गेलं तवा," त्या म्हणाल्या, आणि आवाज नेहमीचाच होता, भाजीचा भाव सांगावा तसा, "माझंबी आईनं झाळूनच दिल्यालं, ते पकडीनं तोडलं. चौघींनी धरलं व्हतं मला. कुनाच्या हातात पक्कड व्हती ते मला दिसलंबी न्हाई. हूक असता तर माझं मीच काढलं असतं. त्यांच्यापाशी बसून, सावकाशीनं."

कौशल्याबाई त्यांच्या शेजारी येऊन बसल्या, त्यांना स्पर्श होईल इतक्या जवळ.

आत्यांनी नाक ओढलं, आणि ट्रे नानासाहेबांकडे ढकलला.

"हूक दावा," त्या म्हणाल्या. "आधी हूक. साखळीचं मागनं बगू."

मग जे सुरू झालं ते त्या दुकानानं आधी पाहिलं नव्हतं. नानासाहेबांनी होते नव्हते तेवढे हूक काढले: वाकड्या तारेचा, पेचाचा, खेकड्याच्या नांगीसारखा दांडी दाबून उघडायचा. आत्यांनी अट घातली, न बघता, मानेमागे हात नेऊन उघडता यायला हवा, आणि ओढला तर सुटता कामा नये. स्वरूपानं डोळे मिटले, एक हात मागे नेला, आणि नांगीचा हूक इतक्या चटकन उघडला की आत्या म्हणाल्या, ही रोज चोरी करती का काय. कौशल्याबाईंनी तोच हूक उघडायला इतका वेळ लावला, की मध्ये चिमाजींचा फोन आला तो घेतला, श्रीखंड कशासाठी आणलंय ते सांगितलं, आणि तरी हात मानेमागेच. शेवटी स्वरूपानं त्यांच्या बोटावर बोट ठेवून दाखवलं, इथं दाबायचं, आता ओढायचं. पैंजणवाली बाई पैंजण विसरून मागून बघत होती. तिनं आपल्या नवऱ्याला सांगितलं, मलाही असलाच पाहिजे.

स्वरूपाच्या साखळीला नांगीचा हूक ठरला, जाड पत्र्याचा. कौशल्याबाईंनी वर एक डबी मागितली, झाकणाची, डब्याच्या पिशवीत ठेवायला. नानासाहेबांनी लाल मखमलीची दिली. कौशल्याबाईंनी ती परत केली आणि म्हणाल्या, स्टीलची द्या, लसूण बाहेर राहील अशी.

नानासाहेब काट्यावर वजन करत होते, स्वरूपा सासूच्या गळ्यात मंगळसूत्र घालत होती, अजिंक्य बिल देण्यासाठी दारातून पुढे आला होता, अशा त्या गडबडीत आत्यांनी ट्रेच्या कडेची एक बारीक, साधी साखळी उचलली. मणी नाहीत, वाट्या नाहीत. अंबाड्यावरून ओढली नाही, लुगड्यावर घासली नाही. दोन्ही हात मागे नेले. त्यांची बोटं जाडी, सांध्यांत वाकलेली, दोनदा चुकली. मग हूक लागला.

नानासाहेबांनी ते पाहिलं. त्यांनी काउंटरखालून हातातला आरसा काढला आणि आत्यांच्या तोंडासमोर धरला.

"खाली धरा जरा," आत्या म्हणाल्या. "तोंड ठावं हाय मला. गळा दावा."